त्या दिवसांतली साक्ष

हॅडलीने चॉकलेटचा एक तुकडा मोडून ओडेटच्या बशीत, अंड्याच्या शेजारी ठेवला आणि तिच्या मनगटावर हलकेच थोपटलं. झालं एवढंच. हॉस्टेलच्या जेवणघरात सकाळची वर्दळ होती, कुणीतरी टोस्ट जाळला होता त्याचा वास होता, खिडकीबाहेर रात्रीपासून पडणारा बर्फ अजून पडतच होता, आणि डिसेंबरच्या परीक्षा चालू असल्यामुळे निम्म्या मुली पायजम्यावरच खाली आल्या होत्या. ओडेट नुकतीच, आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाली होती, "हॅडली, काल मी तुला पाहिलं. तू आपण होऊन पंचांकडे जा. नाहीतर मला जावं लागेल." हे वाक्य तिने पहाटेपर्यंत मनात घोळवलं होतं. हॅडली चिडेल, रडेल, कानांवर हात ठेवेल, गयावया करेल, या सगळ्याची तिने तयारी केली होती. चॉकलेटची केली नव्हती. तो तुकडा बशीत पडला आणि तिची सगळी तयारी फुकट गेली, कारण त्याचा अर्थ टेबलावरच्या सगळ्याजणींना कळत होता, आणि तो अर्थ त्यांना शिकवणारी ओडेट स्वतःच होती. "खा गं," हॅडली म्हणाली. "बरं वाटेल. आपल्या खोलीच्या दाराला कालपासून तुझी लोकर आहे, पाहिलं मी. मी काही मनावर घेतलेलं नाही." समोरच्या दोघी समजूतदारपणे आपापल्या बशीत बघू लागल्या.

ओडेटने तो तुकडा खाल्ला. का खाल्ला, ते तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. गोड होता, जिभेवर विरघळला, आणि तो गिळताना आपण आपलंच वाक्य गिळतो आहोत असं तिला वाटलं. वर्गात, ग्रंथालयात, नदीकाठच्या घसरड्या वाटेवर तिला दिवसभर तेच आठवत राहिलं. या कॉलेजात परीक्षेला पहारा नसतो. पोरींनी आपली वेळ आपण ठरवायची, पेपर घ्यायचा, लिहायचा, शपथेखाली सही करायची आणि ठेवून यायचं. कुणी लबाडी करताना दिसलीच, तर चहाडी करायची नाही, आधी तिच्या तोंडावर सांगायचं आणि तिला आपण होऊन जायची संधी द्यायची. निवाडा करणारे पंचही मुलीच. दीडशे वर्षं हे असंच चाललं आहे आणि कॉलेजला त्याचा कोण अभिमान. ओडेटलाही होता. लुइस्टनच्या गिरणीवस्तीतून आलेल्या मुलीला, जिच्या घरी किराणावाल्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाकडे संशयानेच बघायची रीत, तिला इथे पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं की तुझा शब्द आम्हाला पुरे. हे ऐकून तिला भरून आलं होतं. माणसाला कशाने भरून येतं यावर त्याचं पुढचं हसं कुठे होणार ते ठरतं.

आणि काल तिने पाहिलं होतं. सेंद्रिय रसायनाचा पेपर लिहिता लिहिता तिचं डोकं ठणकू लागलं, छाती दुखत होती, पोट फुगलं होतं, कपडे अंगाला टोचत होते, म्हणून ती तोंडावर पाणी मारायला तळघरातल्या स्वच्छतागृहात गेली. तिथे खिडकीखालच्या हीटरच्या रुंद झाकणावर हॅडली बसली होती. पाय वर घेतलेले, गुडघ्यांवर जाडजूड हिरवं पुस्तक उघडं, आणि ओठ हलत होते. प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाचे हलतात तसे. तिने वर पाहिलं, ओडेटला पाहून हसली, घाबरून नव्हे, अगदी नेहमीसारखं, शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्याला हसावं तसं, आणि पान उलटलं. ओडेट नळ न सोडताच बाहेर आली. ते पुस्तक, तो हीटरचा खरखराट, हॅडलीच्या पायातले राखाडी मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी पडलेलं भोक, सगळं तिने पाहिलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण आरसा तिने स्वतःच बनवून ठेवला होता, आणि पुऱ्या हॉस्टेलच्या हातात दिला होता.

ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. त्या वेळी ओडेट दर महिन्याला काही दिवस मरायला टेकायची. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, नुसतं जगणं सोलून निघायचं. कुणी चमचा बशीवर आपटला तरी रडू यायचं, कुणी प्रेमाने बोललं की त्याचा गळा आवळावासा वाटायचा. मग पाळी यायची आणि जणू कुणी खिडकी उघडायचं. ती आरोग्य केंद्रात झोपेच्या गोळ्या मागायला गेली, आणि तिथल्या पिकल्या केसांच्या नर्सबाईंनी चार प्रश्न विचारून म्हटलं, "अगं, याला नाव आहे. पीएमएस म्हणतात. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींना असतं, त्यांना ठाऊक नसतं एवढंच." ओडेट तिथे खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. वाईट वाटून नाही. नाव मिळालं म्हणून. मी वेडी नाही, वाईट नाही, आईवर गेलेली नाही, मला अमुक एक होतं, त्याला नाव आहे. नवा धर्म स्वीकारलेल्या माणसासारखी ती मग दारोदार फिरली. मजल्यावरच्या पोरींना विचारलं तर निम्म्या जणी म्हणाल्या की आमचा स्वभावच तसा आहे, उरलेल्या म्हणाल्या की आमच्यात असलं काही नसतं. तिने त्यांना बसवून तक्ते दाखवले, मीठ कमी करा म्हणाली, चाला म्हणाली, तारखा ठेवा म्हणाली. पोरी तिला ओडीबाई म्हणू लागल्या. "ओडीबाई, आमचं भविष्य बघा की, गुरुवारी कुणाशी भांडण संभवतं?" थट्टा करायच्या, पण तारखा आणून द्यायच्या. आणि मग तिला ती लोकरीची कल्पना सुचली. ज्या कुणाचे ते दिवस आले असतील तिने दाराच्या मुठीला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा असेपर्यंत बाकीच्यांनी तिला सांभाळून घ्यायचं, काहीतरी गोड द्यायचं, आणि त्या दिवसांत ती जे बोलेल ते धरायचं नाही. "बोललं ते माफ, पाहिलं ते पुन्हा पाहू," असं तिने स्वतःच्या हाताने रंगवून जिन्यात लावलं होतं. मजला शांत झाला. दारं आपटायची थांबली. वसतिगृहाच्या बाई खूश झाल्या. पाहिलं ते पुन्हा पाहू, हे लिहिताना ओडेटला यमकासारखं छान वाटलं होतं. माणूस स्वतःसाठी खड्डा खणतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष कडा सरळ येण्याकडे असतं.

तिच्या आईला नाव मिळालं नव्हतं. आईला त्या दिवसांत दोनच गोष्टी यायच्या, जिना घासणं आणि खरं बोलणं. एरवी ती फादरपुढे मान खाली घालणारी, दुकानात उणं माप मिळालं तरी गप्प बसणारी बाई, पण महिन्यातून काही दिवस तिच्या डोळ्यांवरचा पडदा कुणी ओढून काढल्यासारखं व्हायचं. ओडेट आठवीत असताना एका रविवारी, शेंगदाण्याएवढ्या कारणावरून, आईने बीन्सचं भांडं ओट्यावर आपटलं आणि बाबांना म्हणाली, "तू लुसीलकडे जातोस. माझ्या सख्ख्या बहिणीकडे." बाबांनी पेपर खाली न घेता ओडेटकडे बघून डोळा मारला. "तुझ्या आईचा आठवडा आलाय," ते म्हणाले. "बुधवारपर्यंत होईल ठीक." आणि बुधवारी आई ठीक झालीही. बाबांच्या आवडीचा केक केला, हसत म्हणाली, "मी त्या दिवसांत काहीही बरळते, मनावर घेऊ नका." पुढच्या हिवाळ्यात बाबा पुलापलीकडे लुसीलमावशीच्या घरी राहायला गेले. एवढं लख्ख उदाहरण घरात घडून गेलेलं, पण ओडेट त्यातून शिकली काय? तर आईच्या रागाने बाबा गेले. आईला वेळेवर कुणी तक्ता दाखवला असता तर ते राहिले असते. पोरगी हुशार होती. हुशार पोरांना चुकीचा धडाही पाठ होतो.

चॉकलेटच्या त्या सकाळनंतर तीन-चार दिवसांत ओडेटला पाळी आली आणि खिडकी उघडली. नेहमीप्रमाणे आधी पाठीतला ताण गेला, मग उजेड बरा वाटू लागला, मग माणसं. ओडेटने दाराचा दोरा सोडला. हॅडली बाहेरून आली ती गरम सूपचा डबा घेऊन, बूट दारात काढून, बर्फ झटकत म्हणाली, "आलीस का परत? मला करमत नव्हतं गं." आणि ओडेटला ती आवडली. हेच तर भयंकर होतं. तिला खरोखर, मनापासून आवडली. हॅडली विन्स्लो बॉस्टनची, घरी तीन पिढ्यांच्या बायका याच कॉलेजात शिकलेल्या, पण पहिल्या वर्षी ओडेटला बूट नव्हते तेव्हा तिने आपले जुने म्हणून नवेच दिले होते आणि त्याचा कधी उच्चार केला नव्हता. ओडेट सूप पिऊ लागली आणि त्या हीटरचा, त्या पुस्तकाचा विचार करू लागली. तो विचार तिथेच होता, पण त्यातला जाळ गेला होता. पाहिलं होतं का? पाहिलं होतं. पुस्तक रसायनाचंच होतं का? हिरवं होतं. हिरवी पुस्तकं काय थोडी असतात? कदाचित हॅडलीचा पेपर तोवर देऊन झाला असेल. कदाचित ती दुसऱ्या विषयाचं वाचत असेल. आपलं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ज्यापायी आपण त्या दिवशी सगळं जाळायला निघालो होतो ते आज इतकं क्षुल्लक कसं वाटतं? मग आपल्यातली कोणती खरी? ती, जिला सगळं टोचतं आणि सगळं दिसतं, की ही, जिला सूप मिळालं की पुरे? तिने हा प्रश्न नर्सबाईंना विचारला असता तर त्यांनी कदाचित सांगितलंही असतं, की बाई, रागाला कारण असूही शकतं, पाळी त्याचं कारण नसते, ती फक्त सहनशक्ती काढून घेते. पण ओडेट आता स्वतःच ओडीबाई होती. शिकवणाऱ्याने विचारायचं कुणाला?

ती विसरूनही गेली असती. पण हिरवं पुस्तक सापडलं. तळघरातल्या त्या हीटरच्या मागे, भिंतीच्या फटीत, सफाईवालीला. ग्रंथालयात चौकशी केली तर ते शेल्बी मिशोच्या नावावर निघालं. शेल्बी त्यांच्याच मजल्यावरची, पार उत्तरेच्या बटाट्याच्या पट्ट्यातली, दात किंचित पुढे असलेली, अबोल, पाठांतरावर जगणारी मुलगी. तिच्या पेपरात दोन उत्तरं त्या पुस्तकातल्यासारखी शब्दाला शब्द निघाली. ती म्हणाली, मी पाठ केलं होतं. ती म्हणाली, पुस्तक मी परीक्षेच्या आदल्या दिवशी हॅडलीला दिलं होतं. हॅडली म्हणाली, "हो, दिलं होतं की. पण मी त्याच संध्याकाळी तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बिचारी विसरली असेल." बिचारी हा शब्द हॅडली फार छान उच्चारायची. त्या एका शब्दाने शेल्बी आधी गरीब झाली, मग वेंधळी झाली, आणि मग चोर झाली, आणि हॅडलीने आवाज काही चढवला नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

शेल्बी संध्याकाळी ओडेटकडे आली. हॅडली खोलीत नव्हती. शेल्बी आत आलीच नाही, उंबऱ्यातच उभी राहून तिने आधी दाराच्या मुठीकडे पाहिलं आणि मग ओडेटकडे. "तू त्या वेळी खाली होतीस ना?" तिने विचारलं. "पेपर नेल्याच्या वहीत तुझं नाव माझ्यानंतर होतं." ओडेट म्हणाली, "होते." शेल्बीला विचारायची सवय नव्हती, हे तिच्या हातांकडे बघूनच कळत होतं. "काही दिसलं का तुला?" "दिसलं," ओडेट म्हणाली, आणि ते म्हणताना तिला हायसं वाटलं. कुणीतरी विचारलं की शब्द सोपा होतो. "मी सांगेन. हॅडली होती तिथे, तुझं पुस्तक तिच्या मांडीवर होतं." शेल्बीचा चेहरा काही उजळला बिजळला नाही. ती फक्त म्हणाली, "माझ्या बाबांना अजून कळवलं नाहीये मी. सुटीला घरी जाईन तेव्हा सांगायची वेळच येऊ नये असं वाटतंय." आणि मग, जिन्याकडे वळता वळता, "तुझ्यावर विश्वास आहे माझा, ओडेट." हे वाक्य ओडेटने रात्री अंथरुणात कितीदा तरी चाटूनपुसून पाहिलं. हॅडली शेजारच्या पलंगावर मंद घोरत होती. लबाड माणसांना झोप लागत नाही असं कुणी म्हणालं असेल तर त्याने लबाड माणसासोबत खोली वाटून घेतलेली नाही.

पंच ग्रंथालयाच्या वरच्या दालनात बसले. पाचही मुलीच, टेबलावर सफरचंदाचा गरम रस आणि बटाट्याचे डोनट, कारण कुणाला दडपण येऊ नये. मध्ये इमोजेन, शेवटच्या वर्षाची, वकील व्हायला निघालेली, आवाज असा की भूल देण्यापूर्वी डॉक्टरांचा असतो. शेल्बी एका टोकाला, मांडीवर हात. हॅडली दुसऱ्या टोकाला. ओडेटने सांगितलं. हीटर, पाय, पुस्तक, हलणारे ओठ, हसू. सांगता सांगता तिचा आवाज स्थिर झाला, मोज्यातल्या भोकापर्यंत ती आली तेव्हा दालनात कुणी डोनटला हात लावत नव्हतं. मग इमोजेनने हॅडलीकडे पाहिलं. हॅडलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. "ओडी खोटं बोलतेय असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही," ती म्हणाली. "ती खोटं बोलूच शकत नाही. तिला तसं दिसलं असणार. पण त्या दिवशी आमच्या दाराला तिची लोकर होती. तिने आपल्या हाताने बांधलेली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती मला हेच बोलली, मी तेव्हाही म्हटलं, मी काही मनावर घेतलेलं नाही. ते दिवस गेले, आणि ती आठवडाभर त्यातलं अक्षर बोलली नाही. माझ्याच सोबत सूप प्यायली. बरोबर ना ओडी?" बरोबर होतं. प्रत्येक गोष्ट बरोबर होती. "आणि ती स्वेटरची गोष्ट तर आपल्याला सगळ्यांना ठाऊकच आहे," हॅडली ओले डोळे पुसत म्हणाली, आणि पंचांपैकी दोघींना हसू फुटलं.

स्वेटरची गोष्ट ओडेटनेच सांगितलेली, दर वर्षी नव्या मुलींना, हशा पिकवायला. त्या दिवसांत तिने एकदा धुलाईखोलीत आकांत केला होता, माझा निळा स्वेटर चोरला म्हणून, तीन जणींच्या पिशव्या उपसल्या होत्या, आणि स्वेटर निघाला तिच्याच पलंगाखाली. "तर मुलींनो," ती शेवटी म्हणायची, "त्या दिवसांत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही." आता टेबलावर ते हसू फिरलं, प्रेमळ, घरगुती, आणि ओडेटपर्यंत आलं, आणि ओडेटही हसली. न हसून सांगते कुणाला? गोष्ट तिचीच होती. पण हसताना तिला कळलं की आता झालं, आता आपण काहीही सांगितलं तरी ते त्याच स्वेटरच्या पिशवीतून बाहेर येणार. शेल्बी मात्र हसली नव्हती. तिला त्यातलं विनोदी काय ते कळलं नसावं, किंवा फार चांगलं कळलं असावं.

"ओडेट," इमोजेन म्हणाली, "तुझ्यावर कुणी जबरदस्ती करत नाहीये. तू सांगशील ते आम्ही मानू. पण आपली शपथ काय आहे ते तुला माहीत आहे, पूर्ण खात्री असेल तेवढंच बोलायचं. आता शांतपणे विचार करून सांग. त्या दिवशी, त्या अवस्थेत तू जे पाहिलंस, त्याची तुला आज पूर्ण खात्री आहे?" खरं तर उत्तर सोपं होतं. हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, लहान मुलालाही येतो तो. पण ओडेट प्रामाणिक होती, आणि या कॉलेजात प्रामाणिक माणसाचं करायचं काय हे त्यांना दीडशे वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने त्या हीटरकडे पुन्हा पाहिलं, मनातल्या मनात, आणि या वेळी पुस्तकाचा हिरवा रंग किंचित निळा झाला. अजून एकदा पाहिलं तर हॅडलीच्या मांडीवर स्वेटर होता. तिला एकदम आई दिसली, ओट्यापाशी उभी, भांडं आपटल्यावर हात चोळत असलेली, आणि पेपराआडून मारलेला तो डोळा. आईला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. ओडेटलाही आता ठाऊक होतं की आईला ठाऊक होतं. आणि तरी, किंवा म्हणूनच, तिला बुधवारची आई व्हायचं होतं, जिच्यावर सगळे प्रेम करतात, जी केक करते. हॅडली तिच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होती. इमोजेन बघत होती. सगळ्याजणी किती चांगल्या होत्या. "पूर्ण खात्री," ओडेट म्हणाली, "पूर्ण अशी नाही सांगता येत. त्या दिवसांत मला... तुम्हाला माहीतच आहे." कुणीतरी सुस्कारा सोडला. रसाचा पेला तिच्याकडे सरकला. "थँक्यू ओडेट," इमोजेन म्हणाली. "हे बोलायला धाडस लागतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण फाशी हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. कॉलेजच्या नियमात 'विभक्त करणं' म्हणतात, जसं काही दुधातली साय काढायची असावी. शेल्बी मिशोला विभक्त करण्यात आलं. तिचे बाबा ट्रक घेऊन सहा तासांचा रस्ता तोडून आले, टोपी हातात धरून जिन्याखाली उभे राहिले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मुलीला "माफ करा" म्हणत राहिले, सामानाची अडचण होतेय म्हणून की मुलीसाठी, ते समजायला मार्ग नव्हता. पोरी मान खाली घालून बाजूने जात होत्या. ओडेट वर गेली. शेल्बी गादीची चादर घडी करत होती, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. ओडेटने बोलायचं ठरवलेलं बरंच काही होतं, पण तोंडातून निघालं ते हे, "एखादं खोकं मी नेऊ का खाली?" शेल्बीने चादर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर ओडेटला सोपं गेलं असतं, रागाशी तिची ओळख होती. "तू खोटं बोलली असतीस तर मी समजू शकले असते," शेल्बी म्हणाली. "मैत्रिणीसाठी लोक बोलतात खोटं. तू खोटंसुद्धा बोलली नाहीस." ओडेट म्हणाली, "माझी खरंच खात्री नव्हती, शेल्बी." "होती," शेल्बी म्हणाली. "उंबऱ्यात उभी होते ना मी, तेव्हा होती. मग तू ती त्यांना देऊन टाकलीस." आणि खोकं तिने स्वतः उचललं. खाली बाबांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि ट्रकच्या मागच्या बाजूला इतक्या जपून ठेवलं की आत काचेचं काही असावं असं वाटलं. होती फक्त पुस्तकं.

मार्चपर्यंत ओडेट बरी झाली. म्हणजे तिनेच आरोग्य केंद्रात जाऊन नवीन गोळ्या मागितल्या, नर्सबाईंनी खूप विचारलं, "इतकं वाढलंय का?" आणि ती हो म्हणाली. गोळ्यांनी महिना सपाट झाला. छाती दुखत नाही, चमचे टोचत नाहीत, हॅडलीच्या घोरण्याचाही त्रास नाही. एका सकाळी जेवणघरात हॅडलीने सहज, जॅम पसरता पसरता, तिला सांगितलं, "ते रसायन फार वाईट होतं गं. नापास झाले असते तर माझ्या आजीने मला मारूनच टाकलं असतं." आणि तिच्याकडे अशी बघून हसली, की यात आपण दोघी आहोतच. ओडेटने आत चाचपून पाहिलं, कुठे काही पेटतंय का. काही नाही. तिने जॅमची बाटली पुढे केली.

कॉलेजने तिची लोकरीची पद्धत सगळ्या वसतिगृहांत न्यायची ठरवली. मोठ्या सभागृहात पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी कार्यक्रम ठेवला, वसतिगृहाच्या बाई आल्या, इमोजेन आली, हॅडलीने ओळख करून दिली. "पीएमएसबद्दल आपण सगळ्याजणी अंधारात होतो," हॅडली म्हणाली. "ओडेटने आम्हाला बघायला शिकवलं." ओडेट चांगली बोलली. तक्ते दाखवले, मिठाचं सांगितलं, चालण्याचं सांगितलं, स्वेटरची गोष्ट सांगितली, हशा आला. लक्षणं सांगताना तिने आवाज हळुवार केला, कारण पुढच्या रांगेतली एक-दोन तोंडं तिला ओळखीची वाटली, दोन वर्षांपूर्वी खुर्चीत बसून रडणाऱ्या तिच्या स्वतःसारखी. शेवटी एक लुकडीशी मुलगी उभी राहिली, केस कानामागे सारत, शब्द जुळवत. तिला लाज वाटत होती पण तिला विचारायचंच होतं. "पण समजा," ती म्हणाली, "त्या दिवसांत मला काहीतरी दिसलं. खरंच काहीतरी वाईट. मग ते खरं आहे की नाही, हे मी कसं ओळखायचं?" बाहेर छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून ठिबकत होता. ओडेट थांबली. आत कुठेतरी, फार खाली, काहीतरी हलायला हवं होतं, तिने त्याची वाट पाहिली, अगदी प्रामाणिकपणे पाहिली, आणि ते हललं नाही. मग पहिल्या रांगेतली हॅडली तिला धीर देण्यासाठी हसली, आणि ओडेटही हसली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "तुझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला विचारायचं."

मुलीने मान डोलावली आणि समाधानाने खाली बसली.